चित्राची चावी : जकार्डच्या कार्डांपासून टिफच्या पानांपर्यंत

सोलापुरी चादरीवरचा मोर मागावर चढतो तेव्हा तो मोर नसतो. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची ती एक लांबलचक माळ असते. नक्षीकार आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवीत मोर काढतो. घरांची आडवी ओळ म्हणजे बाण्याची एक खेप आणि उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा. मग ती ओळ वाचून एकेका कार्डावर भोके पाडली जातात. भोक असेल तेथे सुई आत शिरते, हुक उचलला जातो आणि धागा वर येतो. भोक नसेल तेथे धागा जागीच राहतो. क्रमांक घातलेली ही कार्डे दोरीने ओवली की मोराची फाईल तयार झाली, असे आजच्या भाषेत म्हणायला हरकत नाही. (‘फाईल’ऐवजी ‘संचिका’ म्हणावे असा आग्रह धरणारे मित्र आम्हांला आहेत. त्यांचा मान राखून आम्ही येथे फाईलच म्हणतो. सोलापुरात संचिका कोणी उघडत नाही.)

ही माळ एका मागावरून काढून दुसऱ्या मागावर चढवली तर मोर उमटेलच असे नाही. दुसऱ्या मागाच्या जकार्डला हुक किती आहेत, ते कोणत्या क्रमाने धाग्यांना बांधले आहेत, आणि माळ कोणत्या टोकाकडून फिरवायची, हे सारे जुळावे लागते. यांतले काही कार्डावर लिहिलेले नसते. ते कारागिराच्या डोक्यात किंवा मागाच्या बांधणीत असते. भोके तीच, क्रमही तोच. तरी कापडावर उमटतो तो मोराचा चिंधडा.

आम्ही साहित्याचे अध्यापक. यंत्रमागाशी आमचा संबंध चादर पांघरण्यापुरता. पण गेल्या तीसेक वर्षांत मराठी ग्रंथांची पाने चित्रे होऊन एका संगणकावरून दुसऱ्यावर फिरू लागली, त्या प्रवासाचा इतिहास पाहताना ही माळ आम्हांला पुन्हा पुन्हा आठवते. या प्रवासात चित्र क्वचितच हरवते. हरवते ती ते वाचण्याची रीत. आणि रीत हरवली की, निदान आमच्या विषयापुरते तरी, चित्र असून नसल्यासारखे होते.

जकार्डची युक्ती फ्रान्समधल्या ल्यों शहरातली. जोसेफ मारी जकार्डने १८०४च्या सुमारास तिला स्थिर रूप दिले; त्याच्या आधी बुशों, फाल्कों, व्होकांसों यांनी कागदी पट्ट्यांचे आणि कार्डांचे प्रयोग केलेले होते. १८३९ साली त्याच शहरात जकार्डचे रेशमी चित्र विणले गेले. त्याला सुमारे चोवीस हजार कार्डे लागली. पाहणाऱ्यांना ते कोरीव छापचित्र वाटे. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजने मिळवली होती आणि आपल्या गणनयंत्रासाठी कार्डांची कल्पना त्याने याच मागावरून घेतली. संगणकाने विणकामाकडून उसनवारी केली ती अशी, आणि ती पुढे सव्याज फेडली. आता कार्डांच्या जागी इलेक्ट्रॉनिक जकार्ड येत आहेत, नक्षी संगणकाच्या पडद्यावर आखली जाते, आणि पेन ड्राइव्हवरून मागाच्या नियंत्रकात उतरते.

येथे एक बारकावा नोंदवावासा वाटतो, कारण तो पुढे पुस्तकांच्या पानांनाही लागू आहे. विणायच्या नक्षीत चित्राचा एक ठिपका म्हणजे एक धागा. चार रंग असतील तर नेमके चारच असावे लागतात. अशी नक्षी कोणी जेपेग म्हणून जतन केली की घात होतो. जेपेग ही पद्धत (तिचे प्रमाणीकरण १९९२चे) छायाचित्रांसाठी घडलेली आहे. ती चित्राचे आठ-आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून, डोळ्याला न जाणवणारे तपशील टाकून देते. पडद्यावर नक्षी तशीच दिसते. पण लाल आणि काळ्याच्या सीमेवर कितीतरी मधल्या छटा जन्माला आलेल्या असतात, आणि मागाला त्या छटांचे काय करावे हे कळत नाही. छापील अक्षराच्या कडेला हेच घडते. अनुस्वार हा मराठीतला सर्वांत छोटा धागा. तो याच धुरळ्यात बुडतो.

संगणकांची आपसांतली भांडणे याहून जुनी आहेत आणि त्यांचे नामकरण, आमच्या वाचकांना आनंद वाटेल असे, साहित्यातून झालेले आहे. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये अंडे मोठ्या टोकाने फोडावे की लहान, यावरून दोन पक्षांचे हाडवैर आहे. डॅनी कोहेन या संगणकतज्ज्ञाने १९८० साली एका टिपणात हीच नावे यंत्रांच्या दोन जातींना दिली. एका बाइटमध्ये न मावणारी संख्या साठवताना काही यंत्रे मोठा भाग आधी ठेवतात, काही लहान भाग आधी. दोन्ही रीती चालतात. फक्त एकाने लिहिलेले दुसऱ्याने आपल्या रीतीने वाचले की संख्या भलतीच होते.

मराठी माणसाला हे कळायला जड जाऊ नये. आपण बेचाळीस म्हणतो तेव्हा ‘बे’ आधी आणि ‘चाळीस’ मागून, म्हणजे लहान टोक पुढे. लिहिताना मात्र ४ आधी आणि २ मागून. बोलण्यात एक पक्ष, लिहिण्यात दुसरा. जुन्या पोथ्यांतील शब्दांकांचा नियम तर ‘अंकानां वामतो गतिः’ असाच आहे : नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, आणि ‘नेत्र-वेद’ म्हणजे चोवीस नव्हे, बेचाळीस. हा नियम ठाऊक नसलेला वाचक पोथीचा शक भलत्याच शतकात नेऊन ठेवतो.

बेचाळीस ही संख्या आम्ही सहज निवडलेली नाही. १९८६ साली आल्डस या कंपनीने स्कॅन केलेल्या चित्रांसाठी टिफ नावाची फाईलपद्धत आणली. तेव्हा इंटेलच्या प्रक्रियकावर चालणारे पीसी लहान टोकाचे आणि मोटोरोलाच्या प्रक्रियकावर चालणारे मॅकिंटॉश मोठ्या टोकाचे. आणि छपाईच्या धंद्यात दोन्ही हवेत. टिफने भांडण मिटवण्याऐवजी त्याची नोंद ठेवली. फाईलची पहिली दोन अक्षरे ‘आय-आय’ असली तर इंटेलच्या रीतीने वाचा, ‘एम-एम’ असली तर मोटोरोलाच्या. त्यानंतर येते बेचाळीस ही संख्या, पडताळा म्हणून. ती बेचाळीसच वाचता आली तर तुमची रीत बरोबर. फाईलने आपली चावी आपल्याच उंबरठ्यावर ठेवावी, ही सूज्ञपणाची गोष्ट होती. इतके करूनही टिफच्या पोटात इतके पर्याय ठेवलेले होते, की एका सॉफ्टवेअरने लिहिलेली टिफ दुसऱ्याने ‘अनोळखी’ म्हणून परत करावी हे नेहमीचे झाले.

याउलट खुद्द मॅकिंटॉशची जुनी रीत पाहा. त्या यंत्रावर फाईल कोणत्या जातीची आणि कोणी निर्माण केली, हे फाईलच्या आत नव्हे, तर बाजूच्या नोंदीत असे. नावापुढे शेपूट लावण्याची गरज नसे. विंडोजचा सारा भरवसा त्या शेपटावर. मॅकवरून आलेली फाईल पीसीवर उतरली की बाजूची नोंद गळून पडे आणि उरे ते एक बिनशेपटाचे, बिनओळखीचे गाठोडे. चित्राचा एक ठिपकाही हललेला नसे.

प्रवासातल्या जखमांचा सर्वांत बोलका पुरावा १९९६च्या पीएनजी या पद्धतीत आहे. तिचा जन्म जिफवरील पेटंटच्या वादातून झाला. ती कथा वेगळी. पीएनजी फाईलचे पहिले आठ बाइट ठरलेले आहेत. पहिला १३७ : सात बिटांपलीकडचे कापून टाकणाऱ्या मार्गाने फाईल आली तर हा अंक बिघडतो आणि चोरी उघड होते. मग पीएनजी ही तीन अक्षरे. मग १३ आणि १०, म्हणजे ओळ संपल्याची विंडोजी खूण. वाटेत कोणी तिला युनिक्सच्या रीतीने ‘सुधारले’ तर तेही कळते. मग २६, म्हणजे डॉसवर चुकून मजकूर समजून उघडले तर तेथेच थांबावे म्हणून. शेवटी पुन्हा १०, उलट दिशेच्या ‘सुधारणे’साठी. आठ बाइटांत यंत्रायंत्रांमधल्या प्रवासाचे सगळे अपघात नोंदलेले आहेत. पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्याला यात आपल्याच शास्त्राचा वास यावा : लेखनिक कोठे चुकतो हे आधी ओळखून केलेली ही तजवीज आहे.

आता मराठीकडे. मराठी मजकूर संगणकावर बरीच वर्षे चित्र म्हणूनच सुरक्षित होता, हे आजच्या विद्यार्थ्याला सांगूनही पटत नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ साली ठरले, युनिकोडमध्येही देवनागरी त्याच वर्षी आली. परंतु छापखान्यांत राज्य होते ते श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या संचांचे, आणि प्रत्येकाने अक्षरे आपापल्या घरांत बसवलेली. एकाचा ‘क’ दुसऱ्याकडे उघडला की त्याचे काय होईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नसे. त्यावर डीटीपीवाल्यांनी काढलेला उपाय गावोगाव एकच होता : ‘कर्व्ह करून पाठवा.’ कोरलड्रॉमध्ये सगळा मजकूर निवडायचा आणि अक्षरांच्या नुसत्या वक्ररेषा करून टाकायच्या. मग समोरच्याकडे तो फॉन्ट असो वा नसो, पत्रिका जशीच्या तशी उघडते. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे काम ज्याने केले आहे त्याला या वाक्यातला दिलासा ठाऊक आहे. त्याची किंमतही ठाऊक आहे. कर्व्ह झालेल्या मजकुरात राहून गेलेला अनुस्वार देता येत नाही, शब्द शोधता येत नाही, उतारा उचलता येत नाही. अक्षर दिसते, ते अक्षर आहे हे यंत्र विसरलेले असते. आंतरजालाच्या आरंभीच्या काळात मराठी कविता जिफ चित्रे होऊन ई-मेलने फिरल्या त्या याच कारणाने. कवितेचे हे मूर्तिपूजक युग युनिकोड हळूहळू रुळेपर्यंत चालले, आणि छापखान्यात ते अद्याप पुरते संपलेले नाही.

पुस्तकांचे प्रकरण अधिक गंभीर आहे. या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘मिलियन बुक’ प्रकल्पाशी जोडून, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ उभी राहिली. देशभरच्या केंद्रांत पुस्तके स्कॅन झाली, त्यांत मराठी ग्रंथही पुष्कळ. प्रत्येक पान ही एक स्वतंत्र टिफ फाईल. पान फक्त दोन रंगांत, काळे वा पांढरे. यामागे हिशोब होता. ए-फोर आकाराचे पान इंचाला तीनशे ठिपक्यांनी टिपले तर सुमारे ८७ लाख ठिपके होतात. दोनच रंग ठेवले तरी अकरा लाख बाइट, म्हणजे जुन्या १.४४ एमबीच्या फ्लॉपीत जेमतेम एक पान. या प्रकल्पात तर घनता याच्या दुप्पट होती. फॅक्ससाठी १९८४ साली ठरलेल्या ‘ग्रुप फोर’ या पद्धतीने ते पान बरेच आकसते, आणि अक्षराची कडही धारदार राहते. म्हणून निवड अयोग्य नव्हती. मात्र दोन रंगांत करड्याला जागा नसते. सचित्र नियतकालिकांतली छायाचित्रे काळे डाग झाली. पेन्सिलीने लिहिलेल्या समासटीपा कोठे पुसल्या गेल्या, कोठे ठिपक्यांची धूळ होऊन उरल्या. कोणा वाचकाने १९२०-३०च्या दशकात केलेला शेरा हा आमच्या अभ्यासाचा विषय असतो. यंत्राच्या दृष्टीने तो कागदावरचा मळ.

ही पाने उघडणे हाही सोहळाच होता. बहुतेक न्याहाळक टिफ दाखवत नसत. इंटरनेट एक्सप्लोररला त्यासाठी जोडणी बसवावी लागे, मॅकवरच्या सफारीत पान आपसूक दिसे. म्हणजे आल्डसने तह घडवून तीन दशके होत आली, तरी मराठी कादंबरीचे पान कोणाला दिसेल हे यंत्राच्या जातीवर ठरत होते. पानांना नावे होती ती एक ते पुढे, आठ आकडी. मागे शून्ये लावलेले हे आकडे कंटाळवाणे दिसतात, परंतु त्यांत शहाणपण आहे. ‘पान १, पान २’ अशी नावे दिली तर अनेक यंत्रे ती अक्षरानुक्रमे लावतात, आणि पान १च्या पाठोपाठ पान १०, ११, १२ येऊन मग २ येते. नवकथेत हे कदाचित खपून जाईल, व्याकरणग्रंथात नाही.

२०१७च्या सुमारास हे संकेतस्थळ बंद पडले. त्याआधी कार्ल मालामूद यांच्या ‘पब्लिक रिसोर्स’ या संस्थेने त्यातली चार लाखांहून अधिक पुस्तके उचलून ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर नेली, हे आपले मोठेच भाग्य. पाने पीडीएफ होऊन कोणत्याही यंत्रावर उघडू लागली. चित्रे वाचली, पण नावे आली तशीच आली. स्कॅन करणाऱ्याने ग्रंथनाम रोमनीत, कानाने ऐकल्यासारखे नोंदलेले; त्यात ट आणि त एक, ण आणि न एक, ळ आणि ल एक. ‘माळ’ शोधायला गेलेल्यास ‘माल’ मिळतो. कर्ता आणि संपादक यांची अदलाबदल झालेली, आवृत्तीचा उल्लेखच नाही, वर्ष कोठे आहे कोठे नाही.

आमच्या गावाचेच उदाहरण घेऊ. सोलापुरातील जीवराज जैन ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणजे यतिवृषभाचार्यांची ‘तिलोयपण्णत्ती’, संपादक आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन. पहिला भाग १९४३चा, दुसरा १९५१चा. अनेक हस्तलिखिते ताडून प्राकृत पाठ सिद्ध करणारी ही शास्त्रशुद्ध आवृत्ती. त्या काळच्या इंग्रजी मुखपृष्ठांवर गावाचे नाव ‘शोलापूर’ असे छापलेले असे. आज ‘सोलापूर’ हे प्रकाशनस्थळ रोमनीत टंकून जो सोलापूरची ग्रंथसंपदा शोधील त्याला ‘शोलापूर’ नोंदलेले ग्रंथ सापडणार नाहीत, आणि गावात काही छापलेच गेले नाही असा त्याचा समज होईल. ज्या पोथ्यांवरून असे ग्रंथ सिद्ध झाले त्यांची रीत याहून सावध होती. पोथीची पाने सुटी. म्हणून समासात पत्रांक. अखेरीस पुष्पिका : ग्रंथ कोणता, कोणी कोठे कधी लिहिला, आणि वर चुकीचा दोष आपल्यावर नको अशी लेखनिकाची रूढ विनवणी. पोथी एका मठातून दुसऱ्या मठात गेली तरी ही ओळख तिच्या अंगावरच असे, वेगळ्या वहीत नसे.

नावे देवनागरीत दिली की प्रश्न सुटेल असे वाटते. पुरता सुटत नाही, आणि त्यातली एक अडचण तर खास मराठीची आहे. ‘दऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकसंध अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता म्हणून. मॅकची जुनी व्यवस्था फाईलच्या नावातील असे अक्षर फोडून साठवी. ती फाईल लिनक्सवर आली की नाव डोळ्यांना तेच दिसे. पण ‘दऱ्याखोऱ्यांतील शिलालेख’ हे नाव एकसंध ऱ टंकून शोधले तर यंत्र नाही म्हणे. २०१७ साली मॅकने नवी साठवणव्यवस्था आणल्यावर हे बरेच निवळले. तोवर फोडून ठेवलेली नावे मात्र अजून संग्रहांतून फिरत आहेत. हिंदीत या ऱचे काम पडत नाही, त्यामुळे याची तक्रार फारशी ऐकू येत नाही.

विद्यार्थी आता स्कॅनरकडे जातच नाहीत. ग्रंथालयात फोनने पाने टिपतात. आयफोन २०१७पासून हाइक नावाच्या पद्धतीत चित्र ठेवतो. विभागातल्या विंडोज संगणकावर ते विशेष जोडणीशिवाय बहुधा उघडत नाही. फोन आडवा धरला तर ठिपके आडवेच राहतात, आणि ‘हे फिरवून दाखवा’ अशी सूचना फाईलमध्ये लिहिली जाते. सूचना पाळणाऱ्या यंत्रावर पान उभे, न पाळणाऱ्यावर आडवे. तेच चित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून साधे छायाचित्र म्हणून आले की ते पुन्हा आकसलेले असते, आणि कधी टिपले याची आतली नोंद गळालेली असते. शोधनिबंधाच्या तळटीपेत मग ‘पीडीएफ, आंतरजालावरून’ एवढेच उरते. कोणत्या आवृत्तीचे पान, हे विचारले तर विद्यार्थी फोन उघडून पान दाखवतो. पान खरोखर असतेच.

मायक्रोफिल्म करणाऱ्यांची एक जुनी पद्धत आम्ही अलीकडे विभागात सुरू केली आहे : फिल्मच्या पहिल्या चौकटीत ग्रंथाच्या तपशिलाची पाटी टिपायची. तसे आमचे विद्यार्थी आधी मुखपृष्ठ, मग प्रकाशनाचा तपशील छापलेले पान आणि ग्रंथालयाचा शिक्का टिपतात. त्यानंतर हव्या त्या प्रत्येक पानाशेजारी एक चिठ्ठी ठेवून, तिच्यासकट छायाचित्र घेतात. चिठ्ठीवर ग्रंथ, आवृत्ती, वर्ष, पृष्ठांक, टिपल्याची तारीख. फाईलचे नाव बदलो, शेपूट तुटो, आतली नोंद गळो. जोवर कोणी कडा कापत नाही तोवर चिठ्ठी चित्रातच राहते. ती शाईने लिहावी लागते. पेन्सिलीचे दोन रंगांच्या स्कॅनमध्ये नीट उतरत नाही.